खोगीर उतरवून पाहा : पाचगणीच्या घोड्यांत काम करू पाहणाऱ्या नव्या पशुवैद्यांसाठी

शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालयात शिकताना माझा बहुतेक सराव गायी-म्हशींवर झाला. पाचगणीच्या टेबललँडवर आणि महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी पर्यटकांना फिरवून घर चालवणाऱ्यांच्या घोड्यांना काय सोसावे लागते, हे मला तेथे गेल्यावरच समजले.

पहिल्याच हंगामात एका घोडीच्या पाठीवर, खांद्यामागच्या उंचवट्यावर, तळहाताएवढी जखम दिसली आणि त्यावर जळके ऑइल व राख थापलेली होती. मी मालकाला तीन आठवडे खोगीर घालू नका, असे सांगितले. त्यांनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी घोडी पुन्हा कामावर होती. जखमी जनावराकडून काम करून घेणे 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, हे मी त्यांना रागाने ऐकवले. पण उन्हाळ्याच्या दोन महिन्यांत पावसाळ्याची बेगमी होते, ती बुडाली तर घरात काय शिजणार, हे मी विचारलेच नव्हते. चूक माझी होती.

मग आम्ही खोगीर उलटे करून पाहिले. आतले भरण एका बाजूला दबून त्याच्या गाठी झाल्या होत्या आणि तंग, म्हणजे पोटाखालचा पट्टा, आवळला की सारा भार त्या गाठींवर येत होता. मालकाच्या चुलतभावाचा एक घोडा निम्म्या कमाईच्या बोलीवर मिळाला, तेव्हा कुठे घोडीला विश्रांती लाभली. तेवढ्या दिवसांत आम्ही भरण उसवून नव्याने भरले, कण्यावर पोकळी राहील अशी दोन्ही बाजू सारखी केली, आणि उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात 9 ग्रॅम मीठ घालून रोज जखम धुतली. औषध मी फार थोडे वापरले. म्हणून माझा आग्रह आहे की, जखमेआधी खोगीर तपासावे आणि विश्रांती सांगण्याआधी त्या घरची कमाई विचारावी.

खुरांकडे मालकांचे लक्ष असते, कारण लंगडा घोडा लगेच दिसतो. नालबंद साधारण सहा ते आठ आठवड्यांनी यायला हवा, एवढे सांगितले की पुरते. खिळा रुतला तर मात्र धनुर्वाताची लस विसरू नये, कारण घोडा या रोगाला फार लवकर बळी पडतो. पोटशूळही लवकर ओळखावा लागतो. घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे तो वारंवार पोटाकडे वळून पाहू लागला, पुढचा पाय आपटू लागला किंवा लोळू लागला, तर सकाळची वाट पाहू नये. विश्रांतीत त्याची नाडी मिनिटाला 28 ते 44 असते. जबड्याखालच्या धमनीवर बोट ठेवून ती मोजायला मी घरातल्या शाळकरी मुलांना शिकवतो, आणि मुले हे काम मोठ्यांपेक्षा मन लावून करतात.

वीटभट्टीवरच्या गाढवांकडेही कधीतरी जावे लागेल. ओझ्याच्या जनावरांसाठीच्या 1965 च्या नियमांत गाढवावर 50 किलोंची मर्यादा आहे; वीट 3 किलोंची धरली, तर सोळा विटांतच ती जवळजवळ भरते.

त्या घोडीची जखम भरली, पण तेथे आता पांढरे केस उगवले आहेत. पाठीवरचे असे पांढरे डाग बहुधा जुन्या खोगीरजखमांचे असतात. नव्या घोड्यापाशी गेलो की मी आधी खोगीर उतरवायला सांगतो, ते डाग मोजतो, आणि प्रत्येक डाग कोणत्या हंगामातला, हे मालकाला विचारतो.