अँड्रॉइड अ‍ॅप साइन करताना या चुका टाळा

'माझ्या फोनवर गूगल साइन-इन चालतं, प्ले स्टोअरवरून अ‍ॅप घेतलं तर चालत नाही.' ही तक्रार असेल तर कोड तपासत बसू नका. गोंधळ चाव्यांचा, म्हणजे अ‍ॅपवर डिजिटल सही करणाऱ्या गुप्त 'की'चा आहे. ऑगस्ट २०२१ पासून प्लेवर नवीन अ‍ॅप बंडल म्हणूनच द्यावं लागतं; त्यातून फोनवर बसणारी फाइल (एपीके) गूगल बनवतं. तुमच्याकडच्या अपलोड कीची सही फक्त गूगलपर्यंत पोचते. लोकांच्या फोनवर जाणारं अ‍ॅप गूगलकडे ठेवलेल्या अ‍ॅप साइनिंग कीने साइन होतं. त्यामुळे फायरबेसमध्ये (साइन-इनसाठी अ‍ॅप जिथे नोंदवतो ती गूगलची सेवा) अपलोड कीचा फिंगरप्रिंट, म्हणजे तिची ओळख सांगणारा छोटा कोड, नोंदवून भागत नाही. प्ले कन्सोलमधून (प्लेवर अ‍ॅप सांभाळण्याची डेव्हलपरची साइट) अ‍ॅप साइनिंग कीचा एसएचए-१ फिंगरप्रिंट घ्या आणि तोही नोंदवा.

अपलोड की हरवली, तर अकाउंटच्या मालकाला प्ले कन्सोलमधून ती बदलून मागता येते. पण एपीके स्वतःच्या वेबसाइटवरून देत असाल, तर ही सोय नाही. कीस्टोअर (की ठेवलेली फाइल) किंवा त्याचा पासवर्ड गेला, की जुन्या अ‍ॅपवर अपडेट बसतच नाही. नव्या नावाचं पॅकेज काढा आणि प्रत्येकाला ते नव्याने टाकायला सांगा, एवढंच उरतं. अँड्रॉइड ९ पासून की बदलता येते खरी, पण त्या बदलावर जुन्याच कीची सही लागते. म्हणून कीस्टोअरची प्रत दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा, आणि पासवर्ड तिसरीकडे.

कीस्टोअर गिटमध्ये (कोडच्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन) टाकू नका, रिपॉझिटरी खासगी असली तरी. नंतर फाइल डिलीट केली तरी जुन्या कमिटमध्ये (नोंदवलेल्या बदलात) ती तशीच राहते. एकदा गेलीच असेल, तर ती की फुटली असं धरून अपलोड की बदला.

की बनवणाऱ्या कीटूलला मुदत सांगितली नाही, तर कीसोबतचं सर्टिफिकेट ९० दिवसांचंच बनतं. प्लेला ते २२ ऑक्टोबर २०३३ च्या पुढे चालणारं हवं असतं. सरळ २५ वर्षांहून जास्त मुदत द्या.

एपीके स्वतः साइन करताना आधी झिपअलाइन (फाइलची आतली मांडणी नीट करणारं साधन), मग सही करणारं एपीकेसाइनर. अँड्रॉइड ७ पासूनच्या व्ही२ सहीत अख्खी फाइल मोजली जाते, त्यामुळे सहीनंतर काहीही हललं तर सही बाद. जारसाइनर या जुन्या साधनाने फक्त जुनी व्ही१ सही होते. एपीआय ३० (म्हणजे अँड्रॉइड ११) किंवा त्यापुढचं टार्गेट असलेलं अ‍ॅप तेवढ्यावर अँड्रॉइड ११ मध्ये बसत नाही. फाइल बाहेर देण्याआधी एपीकेसाइनरच्या व्हेरिफाय कमांडने कोणती सही आणि कोणाचं सर्टिफिकेट आहे ते दर वेळी बघा.