केर्न्स ते अंडारा: तंबूसह मोटारप्रवासाची तयारी

बडोद्याहून ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमध्ये तंबू घेऊन मोटारीने फिरायचे असेल, तर मे ते सप्टेंबर हाच काळ निवडावा, कारण नोव्हेंबर ते एप्रिलच्या पावसाळ्यात ओढ्यांना पूर येऊन रस्ते बंद होतात. सोबतचे मेतकूट, लोणचे विमानतळावर अवश्य जाहीर करावे. केर्न्स शहराच्या उत्तरेस डेंट्रीच्या वर्षावनात मगरींचा धोका खरोखरच मोठा आहे. म्हणून तंबू पाण्यापासून किमान 50 मीटर दूर ठोकावा आणि खरकटी भांडी काठावर धुऊ नयेत, हे मुलांनाही निघण्यापूर्वीच समजावून सांगावे. अंडारा या ज्वालामुखी राष्ट्रीय उद्यानाकडे जाताना झाडी विरळ होत सव्हाना, म्हणजे तुरळक झाडांचा गवताळ प्रदेश लागतो. तेथे दिवस मावळल्यावर गाडी चालवूच नये. कांगारू अचानक आडवे येतात. अरुंद डांबरी रस्त्यावर समोरून लांबलचक रोड ट्रेन (अनेक ट्रेलर जोडलेला ट्रक) दिसताच गाडी कडेला घेऊन थांबावे.