गावाकडचा फुटबॉलर तिशीत आला, आता पुढं काय करायचं

हे लिहितोय आपल्या त्या पोट्ट्यांसाठी जे दहा-पंधरा वर्षं कधी ह्या टीमकडून, कधी त्या टीमकडून खेळले, कामठीत खेळले, बल्लारपूर-वणीच्या कोळसा पट्ट्यात टुर्नामेंट खेळले, नागपूरच्या लीगमधे एखाद-दोन सीझन काढले आणि मॅचचे थोडेफार पैसे अन् जेवण एवढ्यावर रात्रीच्या एसटीनं घरी आले. पेपरात फोटो नाही, आयएसएल म्हणजे देशातल्या मोठ्या लीगचा कॉन्ट्रॅक्ट नाही, पण टुर्नामेंट ह्यांच्याच जीवावर चालते. अशा खेळाडूला कोणी रिटायर करत नाही, फोन यायचे कमी होतात न एवढंच. म्हणून माझं म्हणणं हे आहे राजेहो, की पुढचं जे लावायचं ते फोन येत असतानाच लावा, 28-29 ला लावा, 35 ला नाही. तुम्ही खेळत असता तोवर क्लबचा सेक्रेटरी सही करून देतो, नंतर गेलं की सेक्रेटरीच दुसरा असतो.

आणि खेळासोबत कामधंदा करण्यात कमीपणा मानू नका. इंग्लंडमधे प्रीमियर लीगच्या खाली तीन डिव्हिजनमधे 72 क्लब आहेत, त्याच्याही खाली ढिगानं आहेत, तिथं पण खालच्या खेळाडूला हाच प्रश्न पडतो. जेमी वार्डी स्टॉक्सब्रिज ह्या छोट्या क्लबकडून आठवड्याला 30 पाउंडावर खेळायचा तेव्हा फॅक्टरीत कामाला जायचा, नंतर 2016 ला लेस्टरकडून प्रीमियर लीग जिंकला ती गोष्ट वेगळी. 1966 चा वर्ल्ड कप जिंकलेला रे विल्सन खेळ सोडल्यावर अंत्यविधीच्या व्यवसायात गेला अन् इमानदारीनं तेच केलं. फरक एवढाच की तिथं 1907 पासून खेळाडूंची युनियन आहे, ती शिक्षणाला, कोर्सला मदत करते. आपल्याला हे सगळं स्वतःच पाहावं लागते.

तर पहिलं काम कागदाचं, आणि ह्यावर मी जास्त लिहिणार आहे कारण सगळ्यात जास्त नुकसान इथंच होते. एक दुपार काढा, पेटीतल्या, आलमारीवरच्या सगळ्या फायली खाली घ्या. शाळेचे सर्टिफिकेट एका बाजूला, कॉलेज-विद्यापीठाचे एका बाजूला, असोसिएशनचे वेगळे. गावच्या टुर्नामेंटचे जे आहेत ते जीवापाड जपा, पण ते नोकरीच्या फॉर्मला चालत नाहीत हे समजून घ्या. तिथं जिल्हा क्रीडा कार्यालयामार्फत झालेल्या शालेय स्पर्धा, अन् असोसिएशनच्या मान्यतेच्या राज्य-राष्ट्रीय स्पर्धा पाहिल्या जातात. सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के समांतर आरक्षण आहे, वयात 5 वर्षं सूट आहे, पण नुसती झेरॉक्स जोडून भागत नाही. सर्टिफिकेट आधी विभागीय क्रीडा उपसंचालकांच्या ऑफिसातून पडताळून घ्यावं लागते, आपल्याकडं ते नागपूर अन् अमरावतीला आहे. जाहिरात निघाल्यावर धावाल तर तारीख निघून जाते, म्हणून पडताळणीचा अर्ज आत्ताच टाका.

आता एकेक सर्टिफिकेट उजेडात धरून वाचा, खरंच वाचा. नाव काय लिहिलं? दहावीच्या मार्कशीटवर राजेंद्र अन् सर्टिफिकेटवर कोणीतरी घाईघाईत राजू लिहून ठेवलंय, असं भरपूर पोट्ट्यांचं आहे. स्पर्धेचं नाव, तारीख, कितवा नंबर आला, सही कोणाची, शिक्का वाचता येतो का, हे सगळं पाहा. चुकलं असेल तर ज्यांनी दिलं त्यांच्याकडंच अर्ज करा आणि अर्जाच्या दुसऱ्या कॉपीवर पोच घ्या. ओरिजिनलला लॅमिनेशन करू नका, मागून शिक्का मारायचा झाला तर पंचाईत होते. नोंदणीकृत क्लबकडून खेळले असाल तर एआयएफएफच्या म्हणजे देशाच्या फुटबॉल महासंघाच्या सीआरएस ह्या खेळाडू नोंदणीच्या सिस्टिममधे तुमची नोंद असेल, तो आयडी अन् स्क्रीनशॉट मेलवर टाकून ठेवा. मोबाईल बदलतात भाऊ, मेल राहतो.

पदवी झाली असेल तर बीपीएडचा, म्हणजे खेळाचा मास्तर व्हायच्या पदवीचा विचार करा. दोन वर्षांचा कोर्स, सीईटी द्यावी लागते, आणि प्रवेशाला शाळा-जिल्हा-आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत खेळल्याचा कागद कामी येतो, म्हणजे जो कागद फालतू समजून टाकला होता तोच. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ, 1914 पासूनचं, आपल्याकडचं सगळ्यात मोठं नाव. आंतरविद्यापीठ खेळून विद्यापीठाचा कलरकोट (ब्लेझर) मिळाला असेल तर त्याचं पत्रही सोबत ठेवा. पण कोर्स झाला की सरकारी शाळेत चिकटलोच असं धरू नका, भरती कमी निघते. तालुक्याच्या ठिकाणच्या प्रायव्हेट शाळा खेळाचे मास्तर ठेवतात, पगार कमी असतो, तरी सुरुवात म्हणून वाईट नाही.

वय बसत असेल तर पोलीस भरती सोडू नका. मैदानी 50 मार्कांची असते, 1600 मीटरला 20, 100 मीटरला 15, गोळाफेकीला 15. धावायचं आपल्याले कोणी शिकवायची गरज नाही, मार्क जातात ते गोळ्यात, कारण फुटबॉलवाल्यानं जन्मभर खांद्याकडं पाहिलंच नाही. त्यामुळं सहा महिने आधी गोळा हातात घ्या अन् लेखीच्या 100 मार्कांची तयारी त्याच्याहून आधी.

पैशाचं थोडक्यात सांगतो. टुर्नामेंटचा पैसा एकदम येतो आणि एकदम जातो, पीएफ नाही काही नाही. अटल पेन्शन योजनेत 18 ते 40 वयापर्यंतच नाव टाकता येते, इन्कम टॅक्स भरत नसाल तर, साठीनंतर महिन्याला 1000 ते 5000 जशी निवडाल तशी पेन्शन. चाळिशी उलटली की दार बंद. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना वर्षाला 20 रुपये, अपघाती मृत्यूला 2 लाख, रात्री-बेरात्री गाडीवर टुर्नामेंटला जाणाऱ्यानं हा विमा न काढणं मला पटत नाही. आणि अकॅडमी काढायची म्हणून वावर गहाण टाकू नका, हात जोडून सांगतो.

गुडघे. आपली मैदानं काळ्या मातीची, पावसाळ्यात चिखल अन् उन्हाळ्यात भेगा, त्यात पट्टी बांधून खेळलेल्या मॅची किती. गुडघा मधेच सटकते, अडकते, जिना उतरताना दम देत नाही असं होत असेल तर मालिशवाल्याकडं नको, हाडाच्या डॉक्टरकडं जा, एमआरआय सांगितला तर करा. खेळ सोडल्यावर दुसरी गोष्ट होते, भूक तशीच राहते अन् धावणं थांबते. सहा महिन्यात वजन वाढते आणि ते सगळं त्याच गुडघ्यावर येते. म्हणून एकदम सोडू नका. आठवड्यात तीन दिवस हलकं पळणं किंवा सायकल, भिंतीला पाठ लावून बसायचा व्यायाम, मांडीची ताकद टिकवा. जेवणात भात एक मूठ कमी करा, वरण वाढवा.

मैदानाशी नातं ठेवायचे रस्ते दोन, कोच किंवा रेफरी. कोचिंगला एआयएफएफचे लायसन्स असतात, सुरुवात ई नाहीतर डी पासून, मग सी, बी, ए अन् शेवटी प्रो. तारखा राज्य असोसिएशन म्हणजे विफाच्या अन् जिल्हा असोसिएशनच्या माणसांकडून कळतात, म्हणून तो संपर्क तोडू नका. रेफरीचं काम आपल्या पोट्ट्यांना कमी वाटते पण मला ते लय आवडते, कारण खेळ आतून कळलेला माणूस फाउल आधीच ओळखतो. फिटनेस मात्र पाहिजे. फिफाच्या पुरुष रेफरीला 40 मीटरच्या सहा स्प्रिंट प्रत्येकी 6 सेकंदात, आणि मग 75 मीटर पळणं 25 मीटर चालणं असं 40 वेळा करावं लागते. तालुक्याच्या मॅचला एवढं कोणी मागत नाही, तरी मापदंड डोक्यात असू द्या.

संध्याकाळी पाच वाजले की पाय चुळबुळ करतात, घरात चिडचिड होते, हे सगळ्यांना होते आणि ह्यात लाजण्यासारखं काही नाही. बायकोला सांगा, जुन्या गोलकीपरला फोन करा. फक्त रोजच्या दारूच्या बैठकीत बसू नका, चांगले चांगले खेळाडू तिथंच गेले.

सगळ्यात चांगला इलाज म्हणजे गावातली लहान पोरं. नागपुरात विजय बारसे सरांनी 2001 ला स्लम सॉकर सुरू केलं ते झोपडपट्टीतल्या पोरांना घेऊनच, तिथं कुठं मोठं स्टेडियम होतं. झेडपी शाळेचं मैदान असेल तर मुख्याध्यापक अन् शाळा व्यवस्थापन समितीला लेखी अर्ज द्या, गायरान असेल तर ग्रामपंचायतीला. फक्कीनं लाईन मारा, पाण्याच्या बाटल्यात रेती भरली की कोन तयार. बारा वर्षांखालच्यांना 4 नंबरचा बॉल द्या, 5 नंबरनं लहान पायाची टेक्निक बिघडते. सुरुवातीची वीस मिनिटं फिफा 11+ किड्सचा, म्हणजे लहान पोरांसाठी ठरवून दिलेला वॉर्मअप, त्यानं दुखापती कमी होतात हे तपासलेलं आहे, आणि आपल्या वेळी हे कोणी सांगितलं नाही. पोरींना पहिल्या दिवसापासून बोलवा, नंतर बोलावलं तर येत नाहीत. कापूस वेचणीच्या दिवसात अर्धी पोरं वावरात असतात, तेव्हा रागावू नका, रविवारी मॅच लावा. एप्रिल-मे मधे सकाळी साडेपाचला सुरू करून साडेसातला बंद, आणि मीठ-साखरेच्या पाण्याची कॅन मैदानावरच ठेवा.