कर्ज फिटलं, आता पुढच्या वर्षभराची तयारी

शेवटचा हप्ता कट झाल्याचा मेसेज आला की आधी स्क्रीनशॉट काढा आणि त्याच आठवड्यात अर्धा दिवस रजा टाकून बँकेत जा, फोनवर "झालं सर, लोन क्लोज झालं तुमचं" म्हणतात त्यावर थांबायचं नाही. लोन अकाउंट नंबर टाकलेलं, सही-शिक्क्याचं नो ड्यूज सर्टिफिकेट हातात घ्यायचं. कर्ज काढताना सही करून दिलेले कोरे चेक परत मागायचे, सापडत नाहीत म्हणाले तर तसं लेखी घ्या आणि त्या नंबरांना स्टॉप पेमेंट टाका. ऑटो डेबिटचं मँडेट, म्हणजे खात्यातून हप्ता आपोआप कापायची परवानगी, ती पण लगेच कॅन्सल करा.

घर तारण असेल तर बँक आणि फायनान्स कंपन्यांना आरबीआयचा नियम आहे, १ डिसेंबर २०२३ पासून, पूर्ण फेड झाली की ३० दिवसांत मूळ कागद परत, उशीर त्यांच्यामुळे झाला तर दिवसाला ५००० रुपये भरपाई. पतसंस्थेला हा नियम लागू नाही, त्या सहकार खात्याखाली येतात, म्हणून तिथे तारखेसकट पोच घेऊनच अर्ज द्या. गाडी असेल तर फॉर्म ३५ आणि एनओसी घेऊन आरसीवरचं हायपोथिकेशन, म्हणजे कर्जाची नोंद, उतरवायचं. आणि शेतीवाल्यांनी सातबाऱ्याचा इतर हक्काचा रकाना बघायचाच बघायचा. आमच्या वडिलांनी सोसायटीचं कर्ज पै न पै फेडलं, दाखला घेतला, तो ट्रंकेत ठेवला आणि बोजा कमी करायचा अर्ज राहूनच गेला, आठ-नऊ वर्षांनी भावाला ठिबकसाठी लोन काढायचं होतं तेव्हा सातबारा काढला तर बोजा तसाच, आणि दाखल्याची घडी जिथे होती तिथली शाई उडालेली. म्हणून सांगतो, दाखला मिळाला की त्याच महिन्यात तलाठ्याकडे किंवा ई-हक्क या सरकारी पोर्टलवर अर्ज करा, आणि फेरफार मंजूर झाल्यावर नवा सातबारा काढून डोळ्यांनी बघा.

दीड-दोन महिन्यांनी क्रेडिट रिपोर्ट काढा. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स, सीआरआयएफ हाय मार्क, चौघांकडून वर्षाला एकेक रिपोर्ट फुकट मिळतो, त्यामुळे तीन-तीन महिन्यांनी एकेक काढला की वर्षभर लक्ष राहतं. खात्यापुढे 'क्लोज्ड' लिहिलेलं पाहिजे. तडजोड करून कमी पैशात मिटवलं असेल तर 'सेटल्ड' येतं आणि पुढचा बँकवाला तेच आधी वाचतो. माझ्या एका कार्डावर बंद केल्यावरसुद्धा ५९० रुपये बाकी दिसत होते, ५०० वार्षिक फी आणि वर जीएसटी, तेवढ्यासाठी महिनोन् महिने लेट पेमेंट लागत होतं आणि मला पत्ताच नाही. चूक दिसली की डिस्प्यूट टाका, ३० दिवसांत निकाल नाही लागला तर दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे.

आता खरं महत्त्वाचं. माझा हप्ता ९,४०० चा, दर ५ तारखेला. तो थांबला त्या महिन्यात वाटलं आता हातात पैसा राहणार, पण २० तारखेला खात्यात नेहमीइतकेच उरलेले. कुठे गेले? काहीच मोठं घेतलं नव्हतं, दोनदा बाहेर जेवलो, मुलीचे शूज, थोडं ऑनलाईन, बास. पुढच्या महिन्यापासून त्याच ५ तारखेला, त्याच रकमेतून ६,००० ची आरडी लावली आणि उरलेले ३,४०० दुसऱ्या बँकेतल्या खात्यात टाकतोय, ज्याला यूपीआय जोडलेलंच नाही. हे खातं अडीअडचणीचं. आधी तीन महिन्यांचा घरखर्च जमवा, मग सहा महिन्यांचा, तोपर्यंत शेअर नाही, प्लॉट नाही, कुणी कितीही सांगू दे. एफडी करायची तर बँकेत, तिथे एका बँकेत माणशी ५ लाखांपर्यंत व्याजासकट विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही, जास्त व्याज बघून सगळं तिथे ठेवू नका.

विमा पण काढा, कारण माझं निम्मं कर्ज वडिलांच्या अँजिओप्लास्टीचं होतं. स्वतःची हेल्थ पॉलिसी आणि टर्म प्लॅन जमेल तसा घ्याच, पण तोवर ४३६ रुपयांचा जीवन ज्योती (आयुर्विमा) आणि २० रुपयांचा सुरक्षा विमा (अपघाताचा) तरी पाहिजेच, दोन्हीत २ लाखांचं कव्हर, हप्ता मे महिन्याच्या शेवटी कटतो, तेव्हा खात्यात पैसे ठेवा. महात्मा फुले योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार आहेत, आपल्या तालुक्याजवळचं कुठलं हॉस्पिटल यादीत आहे ते आजच विचारून ठेवा, रात्री दोन वाजता विचारायची वेळ येऊ देऊ नका.

कार्ड ठेवायचं तर एकच, आणि पूर्ण बिल भरायचं, मिनिमम ड्यू भरणं म्हणजे परत त्याच खड्ड्यात उतरणं आहे. प्री-अप्रूव्हड लोनचे फोन सुरू होतील, ते बंद करायला १९०९ वर डीएनडी लावा, लोन ॲप डिलीट करा.

आणि जामीन. तुमचं फिटलं म्हटल्यावर कुणीतरी सही मागायला येणारच, मेहुणा, चुलतभाऊ, ऑफिसातला जवळचा. १८७२ च्या करार कायद्यात कलम १२८ आहे, जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच, म्हणजे बँक थेट तुमच्या दारात येऊ शकते. मी चुलतभावाला नाही म्हणालो, वाईट वाटलं, दोन महिने बोलला नाही, पण त्याच्या पोराच्या फीचे ५,००० मी परत न मागता दिले, तेवढं झेपत होतं.

घरात हे सगळं बसून बोला, एकट्याने ठरवू नका. आमच्याकडे कालनिर्णयवर ५ तारखेच्या चौकोनात मिसेस पूर्वी 'हप्ता' लिहायची, यंदा बाराही महिने तिने 'आरडी' लिहून ठेवलंय, आणि पैसे गेले की मुलगी त्यावर लाल पेनाने टिक करते.