आडवं टर्बो इंजिन मागच्या चाकांच्या गाडीत बसवताना

फ्रंट-व्हील (पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या) गाडीतलं टर्बो इंजिन बहुतेक वेळा आडवं बसलेलं असतं. रिअर-व्हील (मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या) गाडीत ते ९० अंशांत फिरवून लांबीत ठेवायचं, त्यामागे गिअरबॉक्स, त्यामागे प्रोपेलर शाफ्ट (मागच्या चाकांकडे ताकद नेणारा लांब दांडा). सांगायला एवढंच. पैसा आणि वेळ खातो तो इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधला चार बोटांचा भाग, म्हणून इंजिन विकत घेण्याआधी तिथूनच बघायला लागा.

आधी भावंड शोधा

तेच ब्लॉक (इंजिनाचा मुख्य सांगाडा) कंपनीने कुठल्या रिअर-व्हील गाडीत वापरलंय का? मित्सुबिशीचं ४जी६३ एक्लिप्समध्ये आडवं होतं आणि स्टॅरिअनमध्ये लांबीत. फोर्डचं २.३ लिटर इकोबूस्ट फोकस आरएसमध्ये आडवं, मस्टँगमध्ये लांबीत. भावंड सापडलं तर बेलहाउसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारं कवच), फ्लायव्हील (इंजिनाच्या मागचं जड चाक), चेंबर (इंजिनाखालचा ऑइलचा डबा) बऱ्याचदा तयार मिळतं. बोल्टची भोकं मात्र प्रत्यक्ष जुळवून बघा. नाहीच सापडलं तर अ‍ॅडॉप्टर प्लेट (इंजिन आणि गिअरबॉक्स जुळवणारी मधली जाड प्लेट) करून घ्यावी लागते.

क्रँक (इंजिनाचा फिरणारा मुख्य दांडा) कुठल्या बाजूला फिरतो तेही आत्ताच बघा. होंडाची जुनी बी आणि डी मालिकेतली इंजिनं इतरांच्या उलट फिरतात. असलं इंजिन नेहमीच्या पाच-गिअर बॉक्सला लावलं की पाच रिव्हर्स आणि एक फॉरवर्ड!

अ‍ॅडॉप्टर आणि क्लच

बोल्ट फक्त आवळून धरतात, जागा ठरवतात त्या डॉवेल पिना. डायल गेजचं (काट्यावर बारीक फरक दाखवणाऱ्या मापकाचं) चुंबकी स्टँड फ्लायव्हीलवर लावा, गेजचं टोक बेलहाउसिंगच्या मधल्या भोकाच्या आतल्या कडेला टेकवा आणि क्रँक हाताने पूर्ण एक फेरा फिरवा. काट्याचा एकूण फरक साधारण ०.१३ मिमीच्या आत हवा. काटा जेवढा हलतो त्याच्या निम्मं केंद्र सरकलेलं असतं, हे डॉवेल दुरुस्त करताना लक्षात ठेवा.

फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट (क्लच प्लेट दाबून धरणारी) इंजिनाच्या मापाची. क्लच प्लेटचा व्यास त्यांच्याशी जुळणारा, पण मधले दात गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचे.

आता पायलट बेअरिंग, म्हणजे गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं पुढचं टोक पेलणारं क्रँकमधलं बेअरिंग. फ्रंट-व्हील गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट सहसा बॉक्सच्या आतच दोन्हीकडे पेललेला असतो, त्यामुळे कित्येक क्रँकच्या मागे बेअरिंगची जागाच नसते. रिअर-व्हील बॉक्सच्या शाफ्टचं नाक मात्र क्रँकमध्ये टेकावं लागतं. पहिल्या कामात मी ‘चालेल’ म्हणून ते सोडून दिलं. थोड्याच दिवसांत क्लच पूर्ण दाबूनही गिअर खरखरत पडायला लागले आणि सगळं पुन्हा खाली उतरवलं. लेथवर बुश (बेअरिंगच्या जागी बसणारी धातूची नळी) करून बसवला तेव्हा आवाज थांबला. अ‍ॅडॉप्टर प्लेटच्या जाडीमुळे शाफ्टचं नाक तितकंच मागे राहतं. ते बुशमध्ये नीट पोचतंय का, तेही मोजा.

सेल्फ (स्टार्टर) नव्या जागी बसतोय का आणि त्याचे दात फ्लायव्हीलच्या दातेरी रिंगला पूर्ण भिडतात का, हे गिअरबॉक्स चढवण्याआधी बघितलेलं बरं.

चेंबर

मूळ चेंबर बहुतेक वेळा पुढच्या क्रॉसमेंबरवर (इंजिनाखालच्या आडव्या तुळईवर) आदळतं. क्रॉसमेंबरवर मातीचे गोळे ठेवून इंजिन हळूहळू खाली सोडा. गोळा जिथे चपटा होईल तिथे कापायचं. चेंबरची खोल बाजू बदलली की ऑइल ओढणारी नळीही बदलते. तिचं तोंड तळापासून साधारण ६ ते १० मिमी वर असावं. आणखी एक गोष्ट हमखास विसरली जाते: गाडी जोरात पळवली की ऑइल आता इंजिनाच्या कडेला न जाता फ्लायव्हीलच्या बाजूला धावतं. आतले अडथळ्याचे पत्रे त्या हिशेबाने नव्याने लावा. इंजिनाचा मूळ झुकावही शक्यतो तोच ठेवा, कारण हेडमधून (इंजिनाच्या वरच्या भागातून) ऑइल परत उतरण्याच्या वाटा त्यावरच बेतलेल्या असतात.

टर्बो आणि बाकीचं

इंजिन फिरवल्यावर एक्झॉस्टचा मॅनिफोल्ड (धूर टर्बोकडे नेणाऱ्या नळ्या) एका बाजूला येतो. त्या बाजूला स्टिअरिंगचा दांडा असेल तर नवा मॅनिफोल्ड करायची तयारी ठेवा. टर्बोतून ऑइल परत येण्याची नळी जाड हवी आणि सतत उतरती. मध्ये कुठे खळगा राहिला तर ऑइल तुंबून सील गळतात. फ्लायव्हीलकडच्या टोकाला असलेलं थर्मोस्टॅट हाउसिंग फायरवॉलला (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याला) भिडतं, ते आखूड करून घ्यावं लागतं.

माउंटिंग वेल्ड करण्याआधी प्रोपेलर शाफ्ट जोडून बघा. गिअरबॉक्सचा मागचा शाफ्ट आणि डिफरन्शियलचा पुढचा शाफ्ट एकमेकांना समांतर हवेत, म्हणजे प्रोपेलर शाफ्टच्या दोन्ही टोकांच्या क्रॉसचे (वळणाऱ्या सांध्यांचे) कोन सारखे येतात. ते चुकले तर गाडी वेगात थरथरते आणि दोष टायरला दिला जातो.

वायरिंगसाठी स्वतंत्र ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) घेतलेला बरा. मूळचा ईसीयू इमोबिलायझर (चोरीविरोधी यंत्रणा) आणि वेगाचा सिग्नल मागत राहतो.

पहिल्यांदा चालू करताना इंधन आणि स्पार्क बंद ठेवून ऑइल प्रेशर येईपर्यंत सेल्फ मारा, थांबून थांबून. मग इंजिन चालू करा. ते तापेपर्यंत खाली स्वच्छ पुठ्ठा पसरलेला असू द्या. डाग नेमका कुठे पडला यावरून गळती सापडते.