टॉक्सिनचा पेशीतला उलटा प्रवास मायक्रोस्कोपखाली कसा पाहावा

कॉलरा टॉक्सिनचे दोन भाग असतात: विषारी काम करणारा ए आणि पेशीला चिकटणारा, पाच घटकांच्या कड्याचा बी. बी पेशीच्या पटलावरच्या जीएम१ गँग्लिओसाइडला (साखर जोडलेल्या एका लिपिडला) पकडतो. पुढची वाट उलटी आहे: आधी एंडोसोम (बाहेरून आत घेतलेल्या मालाच्या पिशव्या), मग गॉल्जी (प्रथिनं वर्गवारी करून पाठवणारा भाग), मग प्रथिनं जिथे तयार होतात ते एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलम म्हणजे ईआर. तिथे ए१ हा तुकडा सुटतो, उलगडून सायटोसॉलमध्ये (पेशीतल्या द्रवात) उतरतो आणि जीएस-अल्फा या संदेश पोचवणाऱ्या प्रथिनाला कायमचं चालू ठेवतो. सायक्लिक एएमपी हा पेशीतला संदेशवाहक रेणू वाढतो तो त्यामुळे.

ही वाट पाहायला ए लागतच नाही. फ्लुरोसंट रंग जोडलेला बी पुरेसा आहे. तो रीकॉम्बिनंटच (फक्त बी चं जनुक वापरून बनवलेला) घ्या, कारण पूर्ण टॉक्सिनपासून वेगळ्या केलेल्या बी मध्ये ए चे अंश उरू शकतात. स्टॉकमध्ये सोडियम अझाइड (टिकाऊपणासाठी घालतात ते) आहे का तेही बघा. ते पेशीची ऊर्जा तोडतं आणि वाहतूक मंदावते.

कव्हरस्लिपवर (पातळ काचेवर) हेला पेशी (प्रयोगशाळेत वाढवतात त्या मानवी पेशी) निम्मी जागा व्यापेपर्यंत वाढवा. त्या बर्फावर ठेवून सीरमविरहित थंड माध्यमाने धुवा. माध्यमात २० मिलिमोलर हेपिस (पीएच स्थिर ठेवणारा बफर) असू द्या, नाहीतर इन्क्युबेटरबाहेर पीएच चढतो. आता १ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर बी घालून ३० मिनिटं बर्फावरच ठेवा. सगळा प्रयोग या पायरीवर उभा आहे. थंडीत बी चिकटतो पण आत जात नाही, म्हणून पुढे सगळे रेणू एकाच वेळी निघतात. थेट ३७ अंशांवर घातलात तर कुणी पटलावर, कुणी गॉल्जीत, असं चित्र दिसतं आणि क्रम कळत नाही.

थंड पीबीएसने (फॉस्फेट बफर घातलेल्या मिठाच्या पाण्याने) तीनदा धुवा, आधीच गरम केलेलं माध्यम घाला आणि ०, ५, १५, ३०, ६० मिनिटांनी एकेक कव्हरस्लिप ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइडमध्ये १५ मिनिटं फिक्स करा, म्हणजे पेशी आहे त्या स्थितीत गोठवा. अँटिबॉडी आत जावी म्हणून पटलाला छिद्रं पाडायला ०.१ टक्का सॅपोनिन वापरा आणि ते पुढच्या प्रत्येक द्रावणातही ठेवा, कारण ते काढलं की छिद्रं पुन्हा बुजतात. ट्रायटन हा डिटर्जंट नको: पॅराफॉर्मल्डिहाइड लिपिडांना नीट बांधत नाही, आणि ट्रायटन ती विरघळवून नेतं. एंडोसोम ओळखायला ईईए१ आणि गॉल्जी ओळखायला जीएम१३० या प्रथिनांविरुद्धच्या अँटिबॉडी लावा (जीएम१३० चा जीएम१ शी संबंध नाही).

शून्य मिनिटाला फक्त कडा उजळलेल्या दिसायला हव्यात. सुरुवातीला ठिपके, नंतर केंद्रकाजवळ दाट पुंजका. सगळ्याच पेशी फिक्या असतील तर जीएम१ कमी असण्याची शक्यता मोठी. पेशींचा दुसरा प्रकार घ्या. एक कव्हरस्लिप ब्रेफेल्डिन ए हे गॉल्जी विस्कटणारं औषध देऊन ठेवा. गॉल्जी विस्कटल्यावरही पुंजका जसाच्या तसा राहिला, तर तो गॉल्जी नव्हता.

ईआरच्या बाबतीत डोळ्यांवर विसंबू नका. तिथे पोचणारा अंश थोडा असतो आणि गॉल्जीच्या उजेडात बुडतो. बी ला एन-ग्लायकोसिलेशनची (प्रथिनाला साखर जोडली जाण्याची) जागा जोडून घेतली, तर ती साखर फक्त ईआरमध्येच चढते. साखरेने बी जड होतो, म्हणून जेलवर वर सरकलेला पट्टा हा रंगांच्या मिसळीपेक्षा कितीतरी भक्कम पुरावा आहे. आणखी एक: बी एकाच वेळी पाच जीएम१ ओढून धरतो, त्यामुळे इथे दिसते ती टॉक्सिनची वाट. एकटं जीएम१ तसंच फिरतं, असा निष्कर्ष यातून काढू नये.