झेब्राफिशच्या अंड्यात ग्रोथ फॅक्टर कुठं आणि कधी काम करतात ते एका दिवसात कसं बघायचं

आमच्या परभणीकडं झूलॉजीची पोरं एफजीएफ, बीएमपी, नोडल ही ग्रोथ फॅक्टरची (पेशी एकमेकींना सिग्नल द्यायला सोडतात त्या प्रथिनांची) नावं पाठ करतात आणि पेपर झाला की विसरून जातात, त्यात त्यांची चूक नाही, त्यांना कुणी दाखवलेलंच नसतं. सिग्नल डोळ्याला दिसत नाही हे खरंय पण त्यानं केलेलं काम दिसतं, फक्त किती वाजता कुठं बघायचं ते माहीत पाहिजे.

अक्वेरियमच्या दुकानात झेब्रा डॅनियो म्हणून मिळतो तोच मासा. आदल्या रात्री नर-मादी एकाच टबात पण मधी पारदर्शक पार्टिशन घालून ठेवा, तळाला गोट्यांचा थर टाका कारण हे मासे स्वतःचीच अंडी खातात. सकाळी लाईट लावून पार्टिशन काढलं की बहुतेक वेळा थोड्याच वेळात अंडी पडतात. अंडं जेमतेम ०.७ मिलिमीटरचं पण काचेसारखं आरपार, कॉलेजचा साधा डिसेक्शन मायक्रोस्कोप बास. बोअरचं जड पाणी नको, आरओच्या पाण्यात लिटरला ६० मिलिग्रॅम अक्वेरियमचं समुद्री मीठ टाका आणि पांढरी पडलेली अंडी ड्रॉपरनं लगेच काढा.

आता आपल्याकडची खरी अडचण म्हणजे ऊन. पुस्तकातल्या सगळ्या वेळा २८.५ डिग्रीच्या आहेत. पाणी २५ डिग्री असलं तर २४ तासांची अवस्था यायला जवळजवळ ३० तास लागतात आणि ३३ ला तीच साधारण १९ तासात येते, त्याच्या वर गेलं की पिल्लं वाकडीतिकडी निघायला लागतात. मागच्या मे महिन्यात आमची अख्खी बॅच अशीच गेली, तेव्हापासून थर्माकोलच्या डब्यात डिश, बाजूला गार पाण्याची बाटली आणि आत थर्मामीटर, दर तासाला बघायचं. नाहीतर आपण ज्याला सिग्नलची गडबड समजतो ती नुसती उन्हाची असते.

समजा सकाळी ७ ला अंडी पडली. पाऊण तासात दोन पेशी, मग दर १५ मिनिटाला दुप्पट. १० च्या आसपास हजारेक पेशी होतात, तोवर आईनं अंड्यात ठेवलेल्या मालावर काम चालतं, इथून गर्भाचे स्वतःचे जीन चालू होतात.

मग नोडल. पेशींची टोपी पिवळ्या बलकाला जिथं टेकते त्या कडेला तो तयार होतो, कडेजवळच्या पेशींना डोस जास्त म्हणून त्यांच्यातून आतडं बनतं, जरा लांबच्यांना कमी म्हणून स्नायू-रक्त. नावात ग्रोथ म्हणजे वाढ असली तरी इथं काम वाढवायचं नाही, कोणी काय व्हायचं ते ठरवायचं. सायक्लॉप्स नावाच्या म्युटंटमध्ये नोडलचा एक जीन बिघडलेला असतो आणि दोन डोळे एक होतात.

दुपारी १ ला कडेवर एका जागी जाडसर फुगवटा दिसेल, त्याला शील्ड म्हणतात, ती पाठीची बाजू. १९२४ मध्ये स्पेमान आणि हिल्डे मँगोल्ड या शास्त्रज्ञांनी न्यूटमध्ये (बेडकाच्या नात्यातला शेपटीवाला प्राणी) जो ऑर्गनायझर, म्हणजे शेजारच्या पेशींनी काय व्हायचं ते सांगणारा पेशींचा गट, दाखवला त्याचंच हे माशातलं रूप. पोटाच्या बाजूनं बीएमपी येतो आणि शील्डकडून कॉर्डिन नावाचं प्रथिन त्याला धरून निष्क्रिय करतं, या ओढाताणीतून पाठ-पोट ठरतं. बीएमपी नसेल तर गर्भ गोगलगायीच्या शंखासारखा पिळवटतो.

संध्याकाळी ५ नंतर जागा सोडू नका, मला सगळ्यात आवडतो तो हाच भाग. पाठीवर दर अर्ध्या तासाला एक सोमाइट उठतो, म्हणजे पुढं स्नायू आणि मणके होणारा ठोकळा. शेपटीच्या टोकाला एफजीएफ भरपूर, पुढं कमी कमी होत जातो, शेपूट मागं लांबत जाते तशी जास्त-कमी एफजीएफची सीमापण मागं सरकते आणि जिथं एफजीएफ ठराविक पातळीखाली येतो तिथं पुढच्या ठोकळ्याची हद्द पडते. लॅबमध्ये एसयू५४०२ या औषधानं एफजीएफचा रिसेप्टर (पेशीवरचा, सिग्नल पकडणारा) थोडा वेळ बंद केला तर ठोकळे मोठे पडतात, कारण सीमा एकदम मागं जाते. हे औषध घरी हाताळायचं नाही, नुसते ठोकळे मोजून वेळेसकट वहीत लिहिले तरी चालतंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी ७ ला हृदय धडधडायला लागलेलं असतं. तेव्हा डोक्यावर वरून बघा, मधल्या आणि मागच्या मेंदूच्या मधी एक खाच दिसेल, ती एफजीएफ८ नं (एफजीएफपैकीच एक) राखलेली, तो जीन बिघडला तर ही खाच पण नसते आणि लहान मेंदू पण होत नाही.